मुरगूडचा वाघ बरोबरीत सुटला

२००५ साली महापालिकेच्या निवडणुकीत कोल्हापुरातल्या आमच्या वॉर्डातली निम्मी माणसं मला मारायला शोधत होती. उरलेली निम्मीही मलाच शोधत होती, कारण त्यांच्या मते मी पहिल्या निम्म्यांचा होतो. माझं नाव प्रसेनजीत. हे नाव दोघांनाही माहीत नव्हतं म्हणून मी रोज संध्याकाळी बाहेर जाऊन भेळ खाऊ शकत होतो. त्यांच्यासाठी माझं नाव होतं 'पंच'.

'रंकाळा कट्टा' नावाची एक वेबसाइट होती. ती अतुल नावाच्या माणसानं काढली होती. तो कोल्हापूर सोडून न्यू जर्सीला गेला होता आणि गेल्यापासून कोल्हापूरबद्दल फार हळवा झाला होता. सुरुवातीला कट्ट्यावर लोक तांबडा रस्सा भारी की पांढरा यावर भांडले. त्यात दोन साखरपुडे मोडले असं म्हणतात. मग निवडणूक लागली आणि रस्सा गार झाला.

शिव्या वाढल्यावर अतुलनं जाहीर केलं की कट्ट्यावर लक्ष ठेवायला, वाईट लिखाण पुसायला एक तटस्थ माणूस पाहिजे. मी मेल केला. त्यानं विचारलं, तुझं मत कुणाला? मी लिहिलं, मतदार यादीत माझा जन्म १९३८ सालचा आणि लिंग स्त्री असं लागलंय, त्यामुळे या बाईंचं मत काय आहे ते मला सांगता येत नाही. त्याला हे उत्तर तटस्थ वाटलं.

वॉर्डात लढत दोघांची. एक आकाराम आण्णा, चिन्ह कपबशी. दुसरे गणपतराव, चिन्ह शिट्टी. आण्णांची पतसंस्था होती, गणपतरावांचं मंगल कार्यालय होतं. दोघांनीही एकच गटार बांधून द्यायचं वचन दिलं होतं. गटार तेच असल्यामुळे भांडायला मुद्दा उरला नव्हता आणि लोकांना थेट माणसांवर यावं लागलं.

माझ्या बाजूनं अडचण एकच होती. माझे वडील, बाबासो, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, ते आण्णांच्या पतसंस्थेची जीप चालवायचे. मी शाळेत जायच्या आधीपासून चालवत होते आणि अजून कायम झाले नव्हते. आण्णा म्हणतील तोवर नोकरी. नुकताच पतसंस्थेचा वॉचमन घरी बसला होता, कारण त्याच्या मेव्हण्यानं शिट्टीच्या सभेत खुर्च्या मांडल्या होत्या. मेव्हणा मांडव कंत्राटदाराकडे कामाला होता. खुर्च्या मांडणं हाच त्याचा धंदा होता. आण्णा म्हणाले होते, "मग कपबशीच्या सभेत का न्हाय मांडल्या?" तर हिशेब सरळ होता. खुर्च्या मांडणाऱ्या मेव्हण्यामुळे वॉचमन जातो, तर आण्णांच्या माणसांचं लिखाण रोज पुसणाऱ्या पोरामुळे ड्रायव्हर किती वेळ टिकेल?

मी बसायचो सम्मेदच्या सायबर कॅफेत. सम्मेद नृसिंहवाडीकडचा जैन, घरची उसाची शेती सोडून शहरात कॅफे टाकलेला. दुपारी मी त्याचा काउंटर सांभाळायचो, बदल्यात नेट फुकट. पंच मीच आहे हे जगात फक्त त्याला माहीत होतं.

"पश्या," तो म्हणायचा, "तुला धरलं तर मी तुला वळखत न्हाई. आत्ताच सांगून ठेवालोय."

"चालंल की."

"आणि मला धरलं तर मी लगेच तुझं नाव सांगणार."

"हे काय बरोबर न्हाय."

"माझे आठ मॉनिटर हाइत. तुझं काय हाय?"

पंचगिरी कशी करायची हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी ती खासबागेच्या कुस्ती मैदानातून उचलली. लहानपणी आबा मला खांद्यावर घेऊन कुस्त्यांना न्यायचे. कुस्ती निकाली निघेना, अंधार पडायला लागला, की पंच दोन्ही पैलवानांचे हात धरून वर करायचा. बरोबरीत सोडवली. मग दोन्हीकडची माणसं मिळून पंचाला शिव्या घालायची, नूरा कुस्ती, म्हणजे आधीच ठरवलेली कुस्ती, असं ओरडायची, आणि त्या नादात एकमेकांना मारायचं विसरून घरी जायची. मला ही पद्धत फार आवडली होती.

म्हणून कट्ट्यावर मी नियम लावला. कपबशीवाल्याचं एक लिखाण पुसलं की शिट्टीवाल्याचंही एक पुसायचं. आणि उलट.

काम भरपूर होतं. शिट्टीवाले आण्णांना 'कान तुटलेला कप' म्हणायचे, कपबशीवाले गणपतरावांना 'थुंकी अडकलेली शिट्टी'. हे मी ठेवायचो, याला मी साहित्य समजत होतो. मग घसरण लागायची. 'बापाच्या दिवसाला पत्रावळ्या मोजणारा.' 'जावयाच्या चपला विकून मोठा झालेला.' त्याच्या पुढं कुणाची आई, कुणाची बहीण, कुणाची सून, आणि तिथं मी पुसायचो. इकडचं एक, तिकडचं एक.

दोन्हीकडचे लगेच हिशेबाला बसायचे. आमचं लांब होतं, त्यांचं आखूड होतं, बरोबरी कशी? आमचं पाच मिनिटांत पुसलं, त्यांचं दुपारी जेवून आल्यावर पुसलं. पंच शिट्टीनं विकत घेतलाय. पंच कपबशीत बुडून मेलाय. एकानं सिद्ध केलं की पंच म्हणजे गणपतरावांचा साडू. दुसऱ्यानं सिद्ध केलं की पंच आण्णांच्या पतसंस्थेचा कर्जदार. दोन्ही सिद्धांतांना पुरावे होते.

मग एका सकाळी 'करवीर_किंग' नावाच्या कपबशीवाल्यानं लिहिलं: "पंच कोण हे मला कळलंय. मराठी चांगलं लिवतोय पण मधनं माज दिसतोय. कोट्यातनं वर आलेला आसणार. सरकारचा जावई. असल्यांच्या हातात शिट्टी दिल्यावर दुसरं काय व्हणार."

खाली रांग लागली. कपबशीवाले म्हणाले, बरोबर. शिट्टीवाले म्हणाले, आमचंही हेच म्हणणं आहे. त्या पूर्ण निवडणुकीत दोन्ही बाजूंचं एकमत झालेलं ते एकच ठिकाण.

मी ते खालच्या रांगेसकट पुसलं. मान्य करणाऱ्यांची रांग तशी दोन्हीकडची होती, ती आपसांत फिटली. पण मूळचं एक कपबशीचं होतं, ते जादा झालं. करवीर_किंगनं लगेच विचारलं, "आमचं एक गेलं. त्यांचं कुटं हाय?"

शिट्टीवाल्यांचं पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या दिवशी गणपतरावांच्या पुतण्याची हळद होती आणि रांग लावून झाल्यावर अख्खी शिट्टी जेवायला गेली होती. मी दुपारभर वाट बघितली. एकानंही येऊन साधी आईवरून शिवी दिली नाही. एवढे बेजबाबदार समर्थक मी बघितले नव्हते. करवीर_किंग दर थोड्या वेळानं लिहीत होता, "पंच, बरोबरी कुटं हाय? का जातभाई जेवायला गेल्यात?"

शेवटी मी नवीन सभासद नोंदवला. नाव मुरगूडचा वाघ. मुरगूड अशासाठी की मी तिथं कधी गेलो नव्हतो, आणि जिथं मी गेलो नाही तिथं इंटरनेट गेलं असेल असं मला वाटत नव्हतं. वाघानं शिट्टीच्या बाजूनं लिहिलं: "आकाराम आण्णा म्हणजे निव्वळ स्टेपनी. बाकीची चाकं पळत्यात तवर मागं लटकायचं, कुणाचं पंक्चर झालं की पुढं यायचं. आणि काढून बसवाय गेलं तर ह्येच्यातबी हवा न्हाय."

ही शिवी मी कुठून आणली याचा तेव्हा विचार केला नाही. घरातलंच मीठ घेताना माणूस विचार करत नाही.

मग मी पंच झालो आणि वाघाला पुसलं. बरोबरी झाली.

पण पुसायच्या आधी लोकांनी ते वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी आण्णांच्या प्रचार कार्यालयाच्या दारात कुणीतरी एक गुळगुळीत टायर हार घालून टांगला. शाळेतली पोरं आण्णांची गाडी दिसली की "हवा बघा, हवा बघा" म्हणायला लागली. आण्णांनी टायर काढायला लावला, तर तो काढणाऱ्या माणसालाच लोक स्टेपनी म्हणायला लागले.

वाघाला पुढंही काम लागत गेलं. कपबशीवाले शिव्यांना जास्त उत्साही होते, शिट्टीकडं सतत तूट पडायची आणि ती वाघ भरून काढायचा. तो लिहायचा, मी पुसायचो. लोकांचं त्याच्यावर प्रेम बसलं. शिट्टीवाल्यांनी लिहिलं, वाघदादा, एकदा भेटा. कपबशीवाल्यांनी लिहिलं, वाघ्या, कातडं सोलून दारात वाळत घालतो. आणि 'वाघ बचाव' नावाचा गट तयार झाला, त्याची एकच मागणी होती: पंचाचा वाघावर एवढा डूख का? मुरगूडच्या माणसांनी काय घोडं मारलंय पंचाचं? अतुलनं न्यू जर्सीहून मला समज दिली की ग्रामीण भागाबद्दलचा आकस बरा नव्हे.

एका संध्याकाळी आबा जेवायला बसले आणि म्हणाले, "उद्या मुरगूडला जायाचं हाय. वाघ धराय."

मी भाकरी तशीच धरून बसलो. आईनं विचारलं, "कसला वाघ?"

"कम्प्युटरमधला. आण्णांना स्टेपनी म्हणालाय. सयाजी हाय, आनी दोघं हाइत. काठ्या टाकल्यात मागं." सयाजी म्हणजे आण्णांचा उजवा हात, दुसऱ्यांच्या कॉलरी धरायच्या कामाला तो असायचा.

"आणि सापडला न्हाय तर?" मी विचारलं.

"आण्णा म्हणाल्यात, मोकळी जीप हितं आणायची न्हाय. आली तर पैल्यांदा ड्रायव्हर बदलतो." आबांनी आमटीत भाकरी कुस्करली. "जीपचं हाय तर ड्रायव्हर बदलायचा. घोडं असतं तर घोडं बदललं असतं."

"आबा, असा माणूसच नसला तर?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. "नसंल तर आणाय लागंल," ते म्हणाले, आणि आईकडं आमटी मागितली.

मुरगूडला काय झालं ते नंतर सयाजीनंच कॅफेत येऊन सांगितलं. बाजाराचा दिवस होता. यांनी भाजीवाले, भांडीवाले, सलून, तालीम, सगळीकडं विचारलं. वाघ कुणालाच माहीत नव्हता. एका म्हातारीनं तिच्या लहानपणीचा एक खरा सांगितला. ऊन डोक्यावर आलं, काठ्या तशाच. तेव्हा आबा म्हणाले, शेरडांच्या बाजारात बघूया की, तिथं एक माणूस असतोय.

तिथं पिराजी होता. एक शेळी विकायला उभा. शेळी कुणी घेत नव्हतं, कारण तो गिऱ्हाइकाला शेळीपेक्षा स्वतःबद्दलच जास्त सांगत होता. मिशा अशा की त्यांच्या सावलीत शेळी बसावी.

सयाजीनं दरडावलं, "मुरगूडचा वाघ म्हणत्यात त्यो तूच काय?"

पिराजीनं मिशीवरनं हात फिरवला. "दुसरा कोण हाय हितं?"

"आकाराम आण्णांना स्टेपनी तू म्हणालास?"

"म्हणालो आसंन. मी लई जणांस्नी लई काय काय म्हणतो, पावणं. समदं ध्येनात ऱ्हात न्हाय."

सयाजीनं काठी उचलली. त्याबरोबर शेरडांच्या बाजारातनं पिराजीचे भाऊ उठून उभे राहिले. सयाजी सांगताना म्हणाला चार होते. त्याच्याबरोबरचा एकजण म्हणाला सात. काहीही असो, सयाजीनं काठी खाली ठेवून मोबाइल काढला आणि आण्णांना विचारलं. आण्णा राजकारणात मुरलेले. म्हणाले, "मारू नगोस. जीपमध्ये घाल. त्याला फेटा बांधूया."

संध्याकाळी प्रचार कार्यालयात मुरगूडच्या वाघाचा कपबशीत जाहीर प्रवेश झाला. सयाजीनं स्वतःच्या हातानं फेटा बांधला, आण्णांनी नारळ दिला. वाघानं भाषण केलं. भाषण शेळ्यांच्या पडलेल्या भावाबद्दल होतं, पण आवाज चांगला होता, टाळ्या पडल्या.

कट्ट्यावर त्या रात्री जे झालं ते पुसायला मला हात पुरले नाहीत. शिट्टीवाले म्हणाले, वाघ शेपूट हलवणारा निघाला. कातडं सोलणारे कपबशीवाले म्हणाले, वाघदादांना सत्य उमगलं. आणि मग दोन्हीकडचे माझ्याकडं वळले. शिट्टीवाले: पंचानं छळ केला म्हणून वाघ गेला. कपबशीवाले: पंचानं वाघदादांचं एवढं मोलाचं लिखाण नष्ट केलं. ते लिखाण आण्णांबद्दलच होतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

शेवटी एका शिट्टीवाल्यानं लिहिलं: "फेट्यातला वाघ खोटा हाय. खरा आसंल तर उद्या कट्ट्यावर लिवून दाखवावं."

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅफेच्या दारात जीप थांबली. आण्णा उतरले, सयाजी उतरला, फेट्यासकट पिराजी उतरला. शेळी उतरली नाही. ती अजून विकली गेली नव्हती, तिला जीपमध्येच बांधलं होतं. मागून गल्ली आत आली. सगळ्यात शेवटी आबा, आणि ते दाराला पाठ लावून उभे राहिले.

"चपला बाहेर," सम्मेद म्हणाला. कॅफेचा नियम होता. आण्णांनी काढल्या, मग सगळ्यांनी काढल्या. दाराबाहेर लग्नासारखा ढीग झाला.

पिराजीला तीन नंबरच्या मशीनवर बसवलं. आण्णा शेजारी स्टुलावर. मी काउंटरवर, माझ्या मशीनवर मुरगूडचा वाघ म्हणून आत शिरलेला. पिराजीच्या मशीनवर कुणीच आत शिरलेलं नव्हतं. तिथं काहीही लिहिलं आणि बटण दाबलं तर पान नुसतं नव्यानं उघडणार होतं.

"लिव," आण्णा म्हणाले. "शिट्टीवाल्यांनो, मी कपबशीत आलोय, हिंमत आसंल तर या."

पिराजीनं कीबोर्डकडं बघितलं, हातावर थुंकी लावली आणि कणीक तिंबावी तसा तो तिंबायला लागला. पडद्यावर स्वल्पविराम, इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांचा चिवडा झाला.

"ह्ये काय लिवालाय?" सयाजी म्हणाला.

"फॉन्ट हाय त्यो," मी काउंटरवरनं म्हणालो. "हितं असंच दिसतंय. पलीकडं गेल्यावर मराठी होतंय."

आण्णांनी मान डोलवली. पतसंस्थेच्या वार्षिक अहवालाचं असंच झालेलं त्यांनी बघितलं होतं. तो तर छापल्यावरही मराठी झाला नव्हता. एवढ्यात मी वाक्य लिहून पाठवलं. पिराजीच्या मशीनचं बटण सम्मेदनं दाबलं. पान उघडलं आणि शुद्ध मराठीत ते वाक्य आलं, वर नाव मुरगूडचा वाघ.

गल्लीनं टाळ्या वाजवल्या. पिराजीही वाजवायला लागला, मग त्याला आठवलं की ते आपणच लिहिलंय.

इथं उठले असते तर सगळं छान होतं. पण आण्णांना चव लागली. "आता पंचाचं नाव लिव," ते म्हणाले. "तू रोज तितं आसतोस. तुला म्हाईत आसणार."

पिराजी म्हणाला, "कुटल्या पंचाचं?"

"घाबरू नगंस. सांग."

सयाजी वाट बघणाऱ्यातला नव्हता. "आण्णा, ह्येला कशाला इचारताय? ह्यो शेटच पंच हाय. कॅफे ह्येचा, मशिनी ह्येच्या." त्यानं सम्मेदची कॉलर धरली. "न्हायतर ह्येच्या हितं बसणारा कोणतरी कोट्यातला आसंल. त्यांच्यातलंच आसतंय आसलं, वर बसवलं की माजणारं."

हे तो आबांच्या पुढ्यात उभा राहून म्हणाला. मुद्दाम नाही. ड्रायव्हरसमोर बोलताना माणूस वळून बघत नाही, तसं.

आबांनी हातातली किल्ली मुठीत घेतली.

"मी न्हाई," सम्मेद म्हणाला. "आण्णा, आईशप्पत मी न्हाई."

"मग कोण?" सयाजीनं कॉलर सोडली, एक नंबरचा मॉनिटर वायरी तोडत उचलला आणि डोक्यावर धरला. तेव्हाचे मॉनिटर म्हणजे पाठीमागं ढेरी असलेले, पोत्याएवढे जड. "नाव सांग, न्हायतर आठीच्या आठी रस्त्यावर पडतील."

सम्मेदनं माझ्याकडं बघितलं. त्यानं मला आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे मी त्याला दोष दिला नसता. त्याचं तोंड उघडलंही. मग त्यानं ते मिटलं. एवढंच त्यानं केलं, आणि त्या दिवसात कुणी कुणासाठी तेवढंही करत नव्हतं.

मी कीबोर्डवर बोटं ठेवली. माझं नाव लिहिलं तर आबा उद्यापासून घरी. नाही लिहिलं तर सम्मेद आत्ता रस्त्यावर.

"पिराजी," आबा म्हणाले. सगळ्यांनी वळून बघितलं, कारण ड्रायव्हर मधे बोलत नसतो. आबा पिराजीशी बोलत होते पण बघत माझ्याकडं होते. "खरं हाय ते लिव. वाघाला सगळं म्हाईत आसतंय. आनी भ्यायचं काय? आण्णांच्या शब्दानं सयाजीनं फेटा बांधलाय तुला. चारचौघांत आपल्या हातानं बांधलेला फेटा परत कोण उतरवत न्हाय. उतरवला तर बांधणाऱ्याचीच अब्रू जाती."

मला कळायला वेळ लागला. मग लिहायला लागला नाही.

पिराजी कणीक तिंबत होता. सम्मेदनं बटण दाबलं. आण्णांनी मोठ्यानं वाचलं:

"पंच मीच आहे. मुरगूडचा वाघ."

आण्णांनी पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचलं. "पंच तूच?"

"व्हय की," पिराजी म्हणाला. "दुसरा कोण हाय हितं?"

सयाजीनं मॉनिटर हळूहळू खाली आणला. फेटा त्यानंच बांधला होता. "म्हंजे ह्यो स्वताच लिवायचा आनी स्वताच पुसायचा?"

पंच आपलंही पुसतो, असं मी म्हणणार होतो, पण गरज पडली नाही. आण्णांना त्यात काही वावगं वाटलं नाही. पतसंस्थेत कर्जाचा अर्जही तेच करायचे आणि मंजूरही तेच. त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "म्हंजे पंच आपला झाला की रे. एका फेट्यात दोन." ते पिराजीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पूस. शिट्टीवाल्यांचं सगळं पूस. एक अक्षर ठिवू नगंस."

पिराजी पुसायला लागला, म्हणजे तिंबायला लागला.

मी माझ्या मशीनवर वाघातून बाहेर आलो आणि पंच म्हणून आत शिरलो. शिट्टीवाल्यांचं सगळं पुसलं. मग नियमाप्रमाणं कपबशीवाल्यांचं सगळं पुसलं. रश्श्याच्या पाककृती उरल्या होत्या, त्या कुणाच्या बाजूच्या आहेत हे सांगता येईना, म्हणून त्याही पुसल्या.

सम्मेदनं बटण दाबलं. कोरं पान आलं. वर रंकाळ्याचा फोटो, खाली काही नाही.

"आमचं कुटं गेलं?" आण्णा म्हणाले.

पिराजीनं पडद्याकडं बघितलं, आण्णांकडं बघितलं. तो खासबागेत गेलेला माणूस असणार. तो उठला, एका हातानं आण्णांचा हात वर धरला, दुसरा हात धरायला कुणी नव्हतं म्हणून सम्मेदचा धरला, आणि म्हणाला, "बरोबरीत."

मागच्या मशीनवर बसलेला एकजण म्हणाला, "नूरा हाय नूरा." मग गल्लीत हाणामारी झाली, पण ती बाहेर, आणि मुख्यतः चपलांवरून.

निवडणूक शिलाई मशीन चिन्हाच्या एका बाईंनी जिंकली. कट्ट्यावर त्यांच्याबद्दल कुणी एक शिवी दिली नव्हती, त्यामुळे त्या उभ्या आहेत हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. अतुलनं मला काढून टाकलं. कारण दिलं, पक्षपात. आण्णांनी हरल्याबद्दल पुष्कळ जणांना काढलं, पण ज्यानं वाघ धरून आणला त्या ड्रायव्हरला काढलं तर वाघ खोटा होता असं होणार, म्हणून आबा राहिले. फेटा तर उतरवता येत नव्हताच. पिराजीला पतसंस्थेत संगणक सल्लागार नेमलं. त्याला रोज सकाळी मुरगूडहून आणायचं काम आबांकडं आलं.

एकदा मीही बरोबर गेलो. मुरगूड मी बघितलं नव्हतं. कागल मागं पडलं.

"स्टेपनी ही माझी शिवी हाय," आबा म्हणाले. "तुझ्या चुलत्याला घालायसाठी काढलेली. जीपमध्ये सयाजी म्हणून दाखवाय लागला तवाच वळखलं. पिराजीकडं उगंच न्हाय नेलं."

"व्हय."

"त्यो किंग का कोण, त्यानं कोट्याचं लिवलेलं म्हणं. सयाजी सांगत हुता, हसून हसून. ते पुसलंस?"

"पुसलं."

"आनी त्येच्या बरोबरीला काय पुसलंस?"

"स्टेपनी."

आबांनी गिअर बदलला. समोर उसाचा ट्रॅक्टर होता, त्याच्या मागं आम्ही बराच वेळ रखडलो. जागा असूनही त्यांनी ओव्हरटेक केलं नाही.

"ती त्येच्या बरोबरीची न्हाय," ते म्हणाले.

मुरगूडच्या स्टँडवर पिराजी फेटा बांधून उभा होता, शेळी घेऊन.